लाखोळीवरचा ठपका

लाखोळीचे वडे करायचे तर आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या आत्याकडे निजायच्या आधी डाळ कढत पाण्यात भिजत पडायची. सकाळी ते पिवळसर पाणी ती अंगणाच्या कडेला ओतून द्यायची, डाळ आणखी दोनदा चोळून धुवायची आणि मगच पाट्यावर जाडीभरडी वाटायला घ्यायची. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं आणि मूठभर सांभार (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: कोथिंबीर). पहिलं पाणी गाईच्या घमेल्यातसुद्धा जायचं नाही. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘आमची माय असंच करे.’’

नागपुरात आमच्या घरी ही डाळ दुकानातून कधी आली नाही. ती यायची भंडाऱ्याच्या एसटीतून, जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून. दुकानात ती मिळत नाही कारण ती विकणं गुन्हा आहे, हे कळायला कॉलेजचं वय यावं लागलं. आणि गुन्हा का, तर ती खाल्ल्याने माणूस पायांनी अधू होतो म्हणून. मग एवढी वर्षं खाऊन आमच्या घरात कोणी अधू का झालं नाही? हा प्रश्न तेव्हा पडला तो अजून सुटलेला नाही. तो डॉक्टरांनी विचारला आहे, रसायनशास्त्रज्ञांनी विचारला आहे, नागपूरच्या एका आहारतज्ज्ञाने तर त्यासाठी उपोषणं केली आहेत. उत्तरं बरीच मिळाली, पण ती एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत.

आधी दाण्याची ओळख. लाख, लाखोळी, लाखोरी ही आपल्याकडची नावं. छत्तीसगडात तिवरा, उत्तरेत खेसारी. शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा धानपट्टा आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग हे तिचं घर. धानाच्या लोंब्या भरत आल्या आणि बांधीत अजून ओल आहे, अशा वेळी उभ्या धानातच बी फेकायचं. नांगर नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. धान कापून नेलं की खाली लाखोळी हिरवीगार उभी असते. याला उतेरा म्हणतात. थंडीत कोवळे शेंडे खुडून भाजी होते, पुढे निळी फुलं येतात, फेब्रुवारी-मार्चात काढणी. भुसा गुरांना. दाणा हातात घेऊन पाहिला तर हरभऱ्यासारखा गोल नाही की मसुरीसारखा चपटा नाही. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका अंगाला निमुळता, कोनाकोनांचा. प्रथिनं शंभरात २८ च्या आसपास, म्हणजे तुरीपेक्षा सरस. आणि झाड असं चिवट की पाऊस दगा देवो की शेतात पाणी तुंबो, ते काही ना काही पदरात टाकतंच. बाकी सगळं पीक गेलेलं असताना जे उरतं ते हे. सगळी भानगड या गुणातूनच सुरू होते.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला विल्यम स्लीमन १८३० च्या दशकात सागर भागातून हिंडत होता. हा मुलूख पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांतात आला आणि त्याची राजधानी नागपूर झाली, म्हणजे हे आपल्याच जुन्या घरातलं प्रकरण. १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात स्लीमनने लिहून ठेवलं आहे ते असं: १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला, १८३० मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. या तिन्ही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी तिवरा मात्र जोमाने वाढली. एरवी गुरांपुढे टाकायची ती चीज लोकांनी कापून घरात भरली आणि त्या वर्षी व पुढेही तिच्यावरच गुजराण केली. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसं कमरेखाली अधू होऊ लागली. स्लीमन काही डॉक्टर नव्हता, पण त्याच्या नोंदीत दोन गोष्टी नेमक्या आल्या आहेत. दुसरं काहीच उरलं नाही म्हणून लोकांनी तीच डाळ खाल्ली तेव्हा हे झालं. आणि झालं ते म्हाताऱ्यांना नव्हे, धडधाकट तरुणांना.

या आजाराला डॉक्टरी भाषेत न्यूरोलॅथिरिझम म्हणतात. पोलिओतला पाय लुळा पडतो. इथे उलट, पाय ताठर होतात. पिंढऱ्या आखडतात, टाचा जमिनीला लागत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर घासून पाय कात्रीसारखे अडकतात. वैद्यकीय पुस्तकांत या आजाराच्या पायऱ्या काठ्यांवरून सांगतात: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. कातडीला स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत असते, हातांची ताकद बहुधा टिकते. खाणं थांबवलं की आजार पुढे सरकत नाही, पण गेलेलं परतही येत नाही. विशीतला गडी दोन काठ्यांवर आला की पुढची चाळीस वर्षं तो तिथेच. शेतमजुराच्या घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

जगाच्या पाठीवर हा आजार जुनाच. सतत कडधान्य खाऊन पाय गेलेल्या लोकांचा उल्लेख हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या ग्रंथांत आहे. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली होती. ‘लॅथिरिझम’ हे नाव १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी नावाच्या डॉक्टरने दिलं. माद्रिदच्या दुष्काळात या दाण्याच्या लापशीवर जगणारी माणसं गोयाने चितारली, त्यात जमिनीवर आडवी पडलेली एक बाई आहे. तिचे पाय गेले असावेत असं डॉक्टरमंडळींना वाटत आलं आहे.

या सगळ्यांपेक्षा मला एका छावणीची हकीकत जास्त बोलकी वाटते. १९४२ मध्ये रुमानियाच्या ताब्यातल्या, आजच्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का इथे सुमारे १,२०० ज्यू कैदी डांबले गेले. त्यांना खायला मिळत होता मुख्यतः हाच दाणा, जनावरांसाठी साठवलेला, उकडून. सोबत भुशाची भाकरी. काही महिन्यांत शेकडो लोकांचे पाय ताठर झाले. कैद्यांतच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी लक्षणं ओळखली, जुनी वैद्यकीय वर्णनं आठवली आणि हा लॅथिरिझम आहे असं सांगून अन्न बदलण्यासाठी धडपड केली. युद्धानंतर इस्रायलमध्ये त्यांनी याच रुग्णांना पुढची कित्येक वर्षं तपासलं. ‘लाखोळीने काही होत नाही, ही सगळी कटकारस्थानं आहेत,’ असं आपल्याकडे कोणी छातीठोकपणे म्हणालं की मला वाप्नियार्का आठवतं. तिथे ना मध्य प्रदेशातल्या रेवाची गरिबी होती, ना विदर्भाची माती, ना आपल्याकडचे आजार. फक्त तो दाणा होता, आणि दुसरं काही नव्हतं.

दाण्यातलं नेमकं काय नडतं, याचा छडा लागला १९६४ मध्ये, आणि तो भारतात लागला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका गटानेही तेच शोधलं. नाव लांबलचक आहे, सगळे ओडॅप म्हणतात. ते दिसायला ग्लुटामेटसारखं. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते ग्लुटामेटच्या मार्फत. निरोप पोचला की ग्लुटामेट बाजूला काढलं जातं. ओडॅप मात्र दाराची घंटा दाबून धरणाऱ्या व्रात्य पोरासारखं चिकटून बसतं. पेशी उत्तेजित होत राहते, दमते आणि मरते. पायांच्या हालचाली चालवणाऱ्या लांब चेतातंतूंना याचा फटका सर्वांत आधी का बसतो, हे कोडं पुरतं उलगडलेलं नाही. प्रयोगशाळेतले उंदीर ही डाळ खाऊन माणसासारखे अधू होत नाहीत. शंकेखोरांना हे कारण आयतं मिळतं. पण उंदराला होत नाही म्हणून माणसाला होत नाही, हा युक्तिवाद वाप्नियार्कासमोर टिकत नाही.

ओडॅपच्या जोडीला दुसरी एक उणीव. या दाण्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं, मुख्यतः मेथिओनिन, फार कमी. शरीर पेशींचं रक्षण करायला जे ग्लुटाथायोन बनवतं त्याला हीच आम्लं लागतात. म्हणजे विष आणि विषावरच्या उताऱ्याचा तुटवडा, दोन्ही एकाच ताटात. आफ्रिकेत अर्धवट प्रक्रिया केलेल्या कसाव्यावर जगणाऱ्यांना कोंझो नावाचा जवळजवळ असाच पांगळेपणा येतो, आणि तिथेही गंधकी आम्लांचीच टंचाई असते. भातात, गव्हात ही आम्लं आहेत. ताटात निम्म्याहून जास्त भात आणि वाटीभर वरण असेल तर हिशेब एक; ताटात फक्त उकडलेला दाणा असेल तर हिशेब दुसरा.

इथिओपियातल्या अभ्यासाने हा हिशेब स्वयंपाकघरापर्यंत नेला. तिथे १९९० च्या दशकात, दुष्काळापाठोपाठ, या आजाराची मोठी साथ आली. गेताहुन, लाम्बाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन कोणी काय, कसं खाल्लं ते विचारलं आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. भाजलेला, उकडलेला किंवा कच्चा हिरवा दाणा खाणाऱ्यांत धोका जास्त. इतर धान्यांच्या पिठात मिसळून केलेली भाकरी, आंबवलेलं पीठ, मसाल्याचा रस्सा यांत धोका कमी. आत्याच्या लसणीला मी एवढ्यावरून औषधाचा मान देणार नाही, तसा पुरावा नाही. पण तिच्या पहिल्या पाण्याला मात्र द्यावा लागेल. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) १९६६ मध्येच दाखवलं होतं की डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की ओडॅपचा मोठा भाग निघून जातो, कारण ते पाण्यात सहज विरघळतं. अट एकच, पाणी भरपूर हवं आणि ते फेकायला हवं. दुष्काळात या दोन्ही गोष्टी अवघड. घागरभर पाण्यासाठी दोन कोस चालणारी बाई डाळीचं पाणी ओतून देणार नाही.

आता रेवा. आजच्या मध्य प्रदेशातल्या रेवा-सतना भागात १९५० आणि ६० च्या दशकांत या आजाराचे हजारो रुग्ण होते. डॉ. द्विवेदी आणि प्रसाद यांनी रेवा जिल्ह्याची पाहणी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या भागातली गोष्ट दुष्काळाची नाही, मजुरीची आहे. जमीनदार सालगड्यांना मजुरी धान्यात देत, आणि ते धान्य बहुतांशी खेसारी किंवा खेसारी मिसळलेलं. गहू जमीनदाराच्या कोठीत. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षीही मजुराच्या ताटात दुष्काळच. साधारण असं दिसतं की रोजच्या खाण्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त हाच दाणा असेल आणि हे तीनचार महिने चाललं, तर पाय जायला लागतात. रेवाचा मजूर ही रेघ दरवर्षी ओलांडत होता.

सरकारने काय केलं? १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम आला. खेसारीचा दाणा, डाळ, पीठ विकायला किंवा विक्रीसाठी जवळ बाळगायला मनाई. मात्र ही मनाई कधीपासून लागू करायची ते प्रत्येक राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने लागू केली. ज्या मध्य प्रदेशात सर्वांत जास्त रुग्ण होते, त्याने केलीच नाही. पश्चिम बंगालनेही नाही. त्यात आणखी एक मेख. मनाई विकण्याला, पेरण्याला नाही आणि खाण्यालाही नाही. म्हणजे भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने लाखोळी पिकवावी, घरी खावी, पण बाजारात नेली की तो गुन्हेगार. नियमात दाणा, डाळ, पीठ यांची नावं आहेत. कोवळ्या पाल्याचं नाही. त्यामुळे थंडीत आठवडी बाजारात लाखोळीच्या भाजीचे ढीग उघड्यावर लागतात आणि कोणी हटकत नाही. ओडॅप कोवळ्या पाल्यातही असतं, आणि चांगलंच असतं, ही गोष्ट नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

जे पिकतं ते कुठेतरी विकलं जाणारच. उघड विकता येत नाही म्हणून लाखोळी ‘गुरांचा चारा’ म्हणून कवडीमोलाने निघते आणि वाटेत कुठेतरी तिची तूरडाळ किंवा बेसन होतं. तूरडाळीतली लाखोळी ओळखायची तर डाळ तळहातावर पसरून दाण्याच्या कडा बघायच्या, तुरीच्या गोलसर, हिच्या धारदार. बेसनात तीही सोय नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून गुलाबी रंग आला तर खेसारी, अशी परीक्षा जुन्या पुस्तकांत दिलेली असते. पण मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंग मिसळला असला तरी आम्लात तसाच रंग उमटतो. तेव्हा घरच्या घरी आम्ल उकळत बसण्यात अर्थ नाही. माझ्या मते बंदीचं सर्वांत मोठं नुकसान हेच: जो जाणून खातो तो पाणी फेकून, भातासोबत, बेताने खातो, भेसळीतून जो खातो त्याला आपण काय खातो हेच ठाऊक नसतं. बंदीने पहिल्याला अडवलं आणि दुसऱ्याला वाढवलं.

आणि आजाराचं काय झालं? तो ओसरला. महाराष्ट्रात ओसरला तसा मध्य प्रदेशातही ओसरला, जिथे बंदी नव्हती. माझ्या दृष्टीने सगळ्या वादातला हा सर्वांत वजनदार पुरावा. बंदीमुळे ओसरला असता तर रेवात टिकायला हवा होता. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा आला, मजुरी धान्याऐवजी पैशांत मिळू लागली, सिंचन वाढलं, गहू-तांदूळ रेशनच्या दुकानात आले. मजुराचं ताट बदललं आणि त्याचे पाय वाचले. याचं श्रेय कोणत्याही एका खात्याला देता येत नाही, म्हणूनच कदाचित कोणी घेतही नाही.

नागपुरात हा विषय जिवंत ठेवला तो डॉ. शांतीलाल कोठारी यांनी. अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही त्यांची संस्था. लाखोळीवरची बंदी पुराव्यावर टिकत नाही आणि तिने पूर्व विदर्भातल्या गरीब शेतकऱ्याचं स्वस्त प्रथिन हिरावलं, हे ते कित्येक वर्षं निवेदनांतून, उपोषणांतून सांगत राहिले. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने आपल्यापुरती बंदी मागे घेतली त्यामागे हा रेटा होता. मला त्यांच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग, बंदी चुकीची होती, पटतो. पण लाखोळीच्या समर्थकांत जो एक सूर लागतो, की ही डाळ कशीही, कितीही खा, तिथे मी थांबतो.

याच संस्थेचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावर कायमचं कोरलं गेलं आहे, तो मात्र मिठाचा. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली, आणि नोव्हेंबर २००५ च्या दुरुस्तीने, मे २००६ पासून, परत लागू झाली. थायरॉइडला आयोडीन लागतं आणि गलगंडाच्या पट्ट्यात ते मिठातून देणं शहाणपणाचं, याबद्दल वाद नाही. वाद होता सर्वांना सक्ती करण्याचा. ४ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन आणि बी. सुदर्शन रेड्डी यांनी नियम रद्दबातल ठरवला. कारण वैद्यकीय नव्हतं: कायदा भेसळ रोखण्यासाठी आहे, आणि साधं मीठ काही आरोग्याला घातक अन्न नव्हे, त्यामुळे असा नियम करायचा अधिकारच त्या कायद्यात नाही. न्यायालयाने सरकारला विचार करायला सहा महिन्यांची मुदत दिली. पण त्याच वर्षी नवा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे नियम अमलात आले होते, आणि त्यांत मिठाची तीच अट पुन्हा बसली. खेसारीची मनाईही या नव्या नियमांत तशीच उतरली. राज्याने आपल्या दारातून काढलेलं मांजर दिल्लीच्या खिडकीतून आत आलं.

प्रत्यक्ष तपासणी काय सांगते? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या खंडारे आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्राबद्दलचा अभ्यास २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. गोंदिया जिल्ह्यात लोक लाखोळी खात आहेत, पण त्या खाण्याने नव्याने अधू झालेली माणसं सापडत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. असा अभ्यास वाचताना एक सावधगिरी हवी. तो आजच्या ताटाबद्दल बोलतो, दाण्याबद्दल नाही. रेशन बंद पडलं, दोन वर्षं धान बुडालं, तर काय होईल याचं उत्तर त्यात शोधू नये.

सर्वांत गमतीचं वळण रसायनशास्त्रात आलं. ज्या एस. एल. एन. राव यांनी १९६४ मध्ये विष शोधलं, त्यांनीच २०११ मध्ये लाखोळीच्या उजळ बाजूवर लेख लिहिला. या दाण्यात होमोआर्जिनिन नावाचं आणखी एक अमिनो आम्ल भरपूर आहे. तेही त्यांच्याच गटाने १९६० च्या दशकात या दाण्यातून वेगळं काढलं होतं. पन्नासेक वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. मग २०१० मध्ये जर्मनीतल्या हृदयरुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. हे आम्ल शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होण्याशी जोडलेलं आहे, आणि नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैल ठेवतं. लगेच कोणी लाखोळी ही हृदयाची डाळ म्हणून पाकिटात घालून विकायला काढेल, अशी मला धास्ती आहे. रक्तात कमी असणं आणि ताटातून वाढवल्याने फायदा होणं यांत मोठं अंतर असतं. ते अंतर अजून कोणी चालून गेलेलं नाही.

एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन एका भावाचे पाय जातात आणि दुसरा ठणठणीत राहतो, तेव्हा हे रक्तातच असतं का, असा प्रश्न येतोच. तसं एक उदाहरण कडधान्यांतच आहे. भूमध्य समुद्राकाठी बाकल्याच्या शेंगा खाऊन काही लोकांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. त्यांच्यात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, हे १९५६ नंतर स्पष्ट झालं. मलेरियावरच्या प्रायमाक्विन गोळीने तीच माणसं अडचणीत येतात. पूर्व विदर्भाला जन्मजात आजारांची ओळख करून द्यायला नको. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये नागपुरातून ‘लॅन्सेट’मध्ये सिकल सेलची नोंद पाठवली तेव्हापासून इथले डॉक्टर रक्ताच्या चाचण्या करताहेत. पण लाखोळीच्या बाबतीत असा एकही जनुक पक्का सापडलेला नाही. तरुण पुरुष जास्त बाधित होतात याचं साधं कारण असं असू शकतं की तेच जास्त राबतात आणि तेच जास्त खातात. जस्ताच्या कमतरतेचा संशय आहे. बाकल्याचं गणित रक्ताच्या एका चाचणीने सुटलं. लाखोळीचं गणित अजून ताटावरच मांडावं लागतं.

दुसरी वाट बियाण्याची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आधी पुसा-२४ आणि मग त्यातून ऊतीसंवर्धनाने रतन हे वाण काढलं. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवरा दिली. या शेवटच्या तिघांत ओडॅप शेकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी. गावरान वाणांत याच्या कितीतरी पट सापडतं. जानेवारी २०१६ मध्ये, डाळींचे भाव भडकलेले असताना, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या झळकल्या आणि चेंडू अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अंगणात गेला.

कागदावर हा तोडगा चोख आहे. पण आमच्या आतेभावाने एका वर्षी महातिवराची पिशवी आणून अर्ध्या एकरात फेकली, त्याची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी बी वेगळं साठवलं. दुसऱ्या वर्षी कोठीत जागा नव्हती म्हणून गावरानाच्या पोत्याशेजारी ठेवलं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या बांधीत गावरान निळी फुलली होती आणि मधमाश्या दोन्हीकडे सारख्याच फिरत होत्या. लाखोळीत परागीभवन बऱ्यापैकी एकमेकांतही होतं. त्यात पाऊस कमी पडला किंवा जमिनीत जस्त कमी असलं की त्याच झाडात ओडॅप वाढतं. आज त्याच्या कोठीत जे आहे ते महातिवरा आहे की गावरान की दोहोंच्या मधलं, हे दाणा पाहून तो सांगू शकत नाही. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात पोतं उघडून मूठभर दाणे उचलणारा अडत्याही सांगू शकणार नाही. त्याची तपासणी करायची तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, आणि ज्या डाळीला भाव चाऱ्याचा मिळतो तिच्यासाठी तो खर्च कोण करणार?

मागच्या थंडीत त्याने पाठवलेली डाळ माझ्या घरी अजून पाव किलो उरली आहे. तीही कढत पाण्यातच भिजते.